भट्टीला उष्टं

१

आमच्या भट्टीत लाकूड नव्हतं, कोळसा नव्हता, रॉकेलचा थेंबही नव्हता. ग्राफाइटच्या दोन जाड कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्या फटीतून हवा जोरात सोडायची आणि तिच्यात वीज पेटवायची. मग त्या हवेचं जे काही होई त्याला राधाकृष्ण साहेब प्लाझ्मा म्हणत. "ही ज्वाळा नाही, पुष्पाबाई. ज्वाळेच्या पलीकडची गोष्ट आहे," असं ते पाहुण्यांसमोर मुद्दाम माझ्याकडे बघून सांगत. जणू मी बी.एस्सी. होऊन तिथे पापड लाटायला आले होते.

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता आणि दुष्काळ हटायचं नाव घेत नव्हता. नगरच्या औद्योगिक वसाहतीत अगदी कडेला आमची पत्र्याची शेड होती. व्यापाऱ्यांकडे पडून राहिलेली कीटकनाशकं, गळकी पिंपं, विषारी औषध चोळलेलं बियाणं, असलं सगळं आमच्याकडे येई. भुकेल्या माणसांच्या हाती ते बियाणं लागू नये म्हणून त्याला दोन कुलपं असत. ते विष वाळू आणि चुन्यात कालवून कागदी पुड्यांत भरायचं आणि एकेक पुडा भट्टीच्या तोंडात टाकायचा. आत विषाचा कण न् कण सुटा होई. खाली उरे ती वितळलेली काच. ती लोखंडी परातीत ओतली की काळ्या, गुळगुळीत ढेपेसारखी थिजे. तिला सगळे वडी म्हणत.

माझं काम माशांचं. वडीचा तुकडा कुटून बरणीत ठेवायचा आणि आत घरमाशा सोडायच्या. माशा जगल्या तर विष गेलं. आमच्या माशा नेहमी जगत आणि साहेब नेहमी खूश असत.

कांड्यांमधली फट हातचाकानं कमी-जास्त करणं हे खरं कसबाचं काम, आणि ते माझा धाकटा भाऊ सहादेव करी. आवाज ऐकून त्याला फट कळे. बाकी अक्कल बेताची. सोडावॉटरच्या बाटलीचं बूच दातानं उघडायच्या पैजेत त्यानं पुढचा दात अर्धा घालवला होता आणि पैजही हरला होता. आम्ही दोघं नगरात एका खोलीत राहायचो आणि एकाच डब्यातून जेवायचो. त्यानं दोन घास खाऊन टाकलेली भाकरी मी संपवायची, माझ्या तोंडातली शेंग त्यानं ओढायची. सोनईला घरी गेलो की तो तव्यावरची भाकरी शेकायच्या आत कड तोडून खाई, आणि ताटात टाकलेलं आई खाई. "एका तोंडाची पोरं तुमी," असं ती म्हणायची.

२

छबूबाई पाथर्डीकडची. तिकडं प्यायला पाणी नव्हतं म्हणून नगरला आलेली. वाळू-चुना कालवणं आणि झाडलोट तिच्याकडे. रोज सकाळी भट्टी पेटली की पहिल्या पुड्याच्या आधी ती आपल्या भाकरीचा एक तुकडा मोडून आत टाकी. घरी चुलीला टाकतात तसाच.

"दिसभर हिला इख चारायचं," ती मला म्हणाली होती, "तर आधी येक घास धड द्यावा. बैलाला तरी आसं उपाशी जुंपतो का आपन?"

साहेबांनी एकदा डोळे वटारले, मग सोडून दिलं. भाकरीच्या तुकड्यानं प्लाझ्माचं काही बिघडत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी छबूबाईला यायला उशीर झाला. भट्टी पेटली होती, गर्जत होती. शेडमध्ये ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. सगळ्यांच्या कपाळावर वेल्डरच्या काळ्या काचा, भट्टीकडे बघताना डोळ्यांवर ओढायच्या. सहादेव एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं भाकरी खात होता, कारण घरी मी त्याला उठवून उठवून दमले होते. त्यानं पुड्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसला.

"आज म्हातारीच्या वतीनं मीच देतो," तो ओरडला, आणि दातानं तोडलेली अर्धी भाकरी त्यानं भट्टीच्या तोंडात भिरकावली.

भट्टीची गर्जना थांबली. वीज गेली नव्हती, उजेड तसाच होता, पण आवाज बंद. घास तोंडात घेऊन माणूस चव बघायला थांबतो तेवढाच वेळ. मग ती पुन्हा गर्जू लागली.

छबूबाई दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"उष्टं टाकलंस रं त्यात?"

"अर्धीच भाकर होती, आजी. चांगली होती की."

"आरं, चुलीला सुदिक उष्टं देत न्हाईत. अन् हिला तर आपन रोज इखच चारतो. मानसाच्या तोंडाची चव हिला ठावंच नव्हती." ती तिथंच खाली बसली. "आता ती मागंल बघ."

सहादेव हसला. मीही हसले. आम्हाला उशीर झाला होता आणि पुडे टाकायचे होते.

३

वडी थंड झाल्यावर मी तुकडा पाडायला हातोडी घेऊन गेले, तर वडीची कड गेलेली होती. फुटलेली नाही. फुटलेल्या काचेला धार असते, चकाकी असते. इथं कडेला एक अर्धगोल खाच होती आणि तिच्या आतल्या बाजूला एकाला एक लागून छोट्या पन्हळी. गुळाची ढेप पोरानं चोरून चावावी तशी. मी त्या पन्हळींवरून बोट फिरवलं. मधे एका ठिकाणी पन्हळ नव्हती. तिथं काचेचा अर्धवट खुंट तसाच उभा राहिला होता.

मी सहादेवला हाक मारली आणि तोंड उघडायला लावलं.

"काय गं आक्का, घोडा विकत घेतीस का?"

अर्धा दात. डावीकडचा, पुढचा. मी पुन्हा वडीकडे बघितलं आणि मला त्याचा भयंकर राग आला. काही एक कारण नसताना मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

साहेब म्हणाले, हवेचा बुडबुडा. काच थिजताना आकसते, परातीला चिकटते, कधी अशी खाच पडते. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. शिकलेल्या माणसाला बुडबुड्याचा मोठा आधार असतो.

पण माशांचं काय करायचं? मी कडेजवळचा तुकडा कुटून बरणीत ठेवला. माशा मेल्या नाहीत. त्या सगळ्या बरणीच्या लांबच्या बाजूला जाऊन काचेला चिकटून बसल्या. मी बरणी फिरवली. त्या उठल्या आणि पुन्हा लांबच्या बाजूला गेल्या, एकमेकींच्या अंगावर चढून. दुपारपर्यंत त्यांनी दाटीत एकमेकींचे पंख तोडले होते. विषानं एकही मेली नव्हती. अहवालात मी लिहिलं, माशा जिवंत.

त्यानंतर रोज वडीची कड गेलेली असे, आणि रोजची खाच आदल्या दिवशीपेक्षा खोल असे.

४

आठवड्यातून एक दिवस सगळ्या वसाहतीची वीज बंद असे. त्या दिवशी भट्टीची साफसफाई. आत माती-विटांचं अस्तर, ते गार पडलेलं. शेडमध्ये इतकी शांतता की पत्र्यावर चिमणी नाचली तरी कळावं. त्या शांततेत मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. भट्टीच्या पोटातून, बारीक, कर्रर्र. थोडा थांबे आणि पुन्हा. लोखंड गार होताना वाजतं, पण ते टिक्‌टिक् वाजतं. हे दोन कठीण वस्तू एकमेकींवर घासल्यासारखं होतं. हा आवाज आपण घरात कुठंतरी ऐकलाय असं मला वाटत राहिलं. कुठं, ते आठवेना.

छगन आमचा वेल्डर. अंगानं दांडगा, जिभेनं त्याहून. सहादेवनं अर्धी ओढलेली बिडी छगननं त्याच्या ओठांतून काढून घेतली, शेवटपर्यंत ओढली, आणि विटा चाचपायला भट्टीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला.

तो ओरडला नाही. घशातून नुसता हवेचा आवाज आला. मग त्याचं अख्खं अंग भट्टीवर आपटलं, खांदा, मग गाल, मग कपाळ, जणू आतून कुणी हिसके देत होतं. सहादेवनं त्याला कमरेला धरलं, मी सहादेवला धरलं, आणि आम्ही तिघं मागं येऊन पडलो. छगननं हात वर केला. तीन बोटं नव्हती. रक्त माझ्या तोंडावर, पत्र्यावर, चुन्याच्या ढिगावर उडत होतं. आता तो ओरडू लागला.

मी पदर फाडून बांधला. भाजल्याची खूण नव्हती. मांस लोंबत होतं. आणि मनगटाच्या खाली, जिथं बोटं तुटायच्या आधी पकड बसली होती, तिथं एक निळी-लाल कमान उमटली होती. मी ती एकदाच पाहिली आणि पट्टीनं झाकली. कमानीत मधे जागा मोकळी होती.

"वरची वीट पडली," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "वीट पडली, दुसरं काय?"

छबूबाई वाळूनं रक्त झाकत होती. मान वर न करता ती मला म्हणाली, "बिडी कुनाची हुती, बाई?"

तिला ते ठाऊकच होतं.

"ती त्याला हुडकतीया. हितनं काड त्याला."

५

मी त्याला त्याच संध्याकाळी सोनईच्या एसटीत बसवलं. आईला तुझी आठवण येते, असं खोटं सांगितलं. तो गेला आणि मला जेवण गोड लागलं.

इकडे वड्या चारी बाजूंनी कुरतडलेल्या निघू लागल्या. कांड्यांची टोकं चघळलेल्या दातवणासारखी होऊन बाहेर येत. फट सांभाळायला कुणाला जमेना. भट्टी पेटे आणि विझे, पेटे आणि विझे. त्यातच मुंबईहून बडी मंडळी भट्टी बघायला यायची ठरली. त्यांना ती आवडली तर मोठा कारखाना, आवडली नाही तर आम्ही सगळे खडी फोडायला.

साहेबांनी मला न विचारता सोनईला जीप पाठवली. सहादेव जीपमधून उतरला तो नवा सदरा घालून.

"आक्का, साहेब कायम करणार म्हणाले मला," तो म्हणाला. "कायम. आई रडली गं ऐकून."

"परत जा."

"का?"

"मी सांगते म्हणून परत जा."

"छगनच्या अंगावर वीट पडली. तू शिकलेली असून म्हातारीचं काय ऐकतेस?"

माझ्याजवळ त्याला द्यायला कारण नव्हतं. खाच होती, माशा होत्या, एका मनगटावरची कमान होती. कारण नव्हतं. मी कोपऱ्यातली पहार उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर मारली. हाड वाजलं. तो खाली पडला, गुडघा धरून लोळला, आणि माझ्याकडे असा बघत राहिला की अजून मला ती नजर पुसता येत नाही. पण मला बरं वाटलं होतं. लंगडा भाऊ चालेल, म्हटलं. लग्नाला लंगड्यालाही मुलगी मिळते.

साहेबांनी पहार हिसकावून घेतली. त्यांनी मला शेडच्या बाहेर ढकललं आणि आतून कडी लावली. पाहुण्यांच्या मोटारी फाटकातून आत येत होत्या. खिडकीतून मला दिसलं, दोन माणसांनी सहादेवला उचलून चाकापाशी स्टुलावर बसवलं. त्यानं डोळे पुसले आणि काळी काच लावली.

६

भट्टी पेटली ती पहिल्याच झटक्याला. इतक्या दिवसांत तशी पेटली नव्हती. गर्जना नव्हती, एक सलग, गुळगुळीत गुणगुण होती. पाहुणे माना डोलावत होते.

मेन स्विच शेडच्या मागच्या भिंतीवर होता. मी पळत गेले, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि खाली ओढली. ठिणग्या उडाल्या, तळहात भाजले. पंखे थांबले, हवेचा पंप थांबला, आतले दिवे गेले. मागच्या दारानं मी आत शिरले.

वीज नव्हती आणि उजेड होता.

मी पडलेली काळी काच उचलून डोळ्यांना लावली. काचेतून शेड नाहीशी झाली, माणसं नाहीशी झाली. उरली फक्त ती पांढरी जीभ, दोन कांड्यांच्या मधली. ती सरळ असायला हवी होती. ती तोंडाकडे वाकली होती. लहान मूल ताटावर ओणवं होतं तशी ती बाहेर, सहादेवच्या दिशेनं ओणवली होती. तिच्या आत, जिथं बघितलं की काचेतूनही डोळ्यांत सुई जाते, तिथं काहीतरी उघडलं. मला दातांची फक्त वरची रांग दिसली. मी काच फेकून दिली.

सहादेवला उठता येत नव्हतं. गुडघा मी फोडला होता. त्याचा हात भट्टीच्या तोंडात होता, आणि तो हात त्यानं घातलेला नव्हता, कारण दुसऱ्या हातानं तो चाकाला कवटाळून होता. "आक्का," तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "ओढ की गं."

मी त्याच्या कमरेला मिठी मारली. छबूबाईनं माझ्या कमरेला. पाहुणे दाराकडे पळाले, एकजण दुसऱ्याच्या अंगावर पडला, साहेब भिंतीला टेकून ओकत होते. आम्ही ओढलं. एकदा तो आमच्याकडे आला, खरंच आला, त्याची पाठ माझ्या छातीला लागली, घामाचा वास आला. मग आतून हिसका बसला. त्याचा खांदा निखळताना मला माझ्या दातांत जाणवलं. तो किंचाळला, चाकावरचा त्याचा हात सुटला, आणि डोकं, गळा, खांदे असा तो त्या तोंडातून गेला. ते तोंड सुपाएवढंही नव्हतं. माझ्या हातात नवा सदरा राहिला. सदऱ्यात जे राहिलं होतं ते मी लिहीत नाही.

मग उजेड गेला. शेडमध्ये दुपारचं साधं ऊन उरलं, पत्र्याच्या भोकांतून आलेलं.

पोलिसांनी अपघात लिहिला. दुसऱ्या दिवशी छबूबाईनं परात बाहेर काढली, त्यात एक वडी होती. तिची कड अखंड होती.

"भरलं प्वॉट," छबूबाई म्हणाली, आणि तिथूनच पाथर्डीच्या रस्त्याला लागली. मजुरीही घ्यायला थांबली नाही.

७

मला तेवढ्यावर विश्वास ठेवायचा होता. पोट भरलं, संपलं. भट्टीच्या कांड्या काढल्या, शेडला कुलूप लागलं, आणि मी सोनईला आईजवळ येऊन राहिले. आईचं नाव राहीबाई. तिला मी वीज अंगावर पडली एवढंच सांगितलं होतं. तेराव्यापर्यंत चूल शेजाऱ्यांची होती. चौदाव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "किती दिस लोकांचं खायचं?" आणि काटवटीत पीठ घेऊन बसली.

मी उंबऱ्यात घागर घेऊन उभी होते. टँकरवर भांडून मिळवलेलं पाणी. आईनं चुलीला पहिला घास टाकला, धड, मोडून, रीतीप्रमाणे. माझं लक्ष होतं. तव्यावरची भाकरी तिनं निखाऱ्यांना टेकवून उभी केली आणि दुसरी थापायला वळली. जाळ लाल होता. मधोमध, अगदी आत, एक ठिपका लाल नव्हता, भट्टीसारखा पांढरा होता.

आईनं भाकरी उचलली. तिची कड गेलेली होती. एक अर्धगोल, आणि मधे अर्ध्या दाताचा खुंट.

आई त्या भाकरीकडे बघत राहिली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"शेकू सुदिक देत न्हाई," ती म्हणाली. "आगं, सादू आला का?"

"आई, ती भाकर टाक."

तिनं टाकली नाही. खाचेजवळचा तुकडा मोडून तिनं आपल्या तोंडात घातला. जन्मभर त्याच्या ताटातलं खात आली होती तसाच. मी धावले आणि अख्खी घागर चुलीत उपडी केली. फसफसून वाफ उठली, राख घरभर झाली. आईनं उठून माझ्या मुस्कटात भडकावली, कानात शीळ वाजावी अशी. पेटत्या चुलीत पाणी ओतणारी लेक तिनं कधी पाहिली नव्हती.

मग चुलीतून आवाज येऊ लागला. ओल्या राखेखालून, बारीक, कर्रर्र. थोडा थांबे आणि पुन्हा.

"ऐक," आई म्हणाली. "दात खातोय. ल्हानपनी झोपंत आसाच खायचा, तुझ्याच शेजारी."

मला तेव्हा आठवलं, हा आवाज मी कुठं ऐकला होता. मी तिचा दंड धरला. तिनं मला झटकलं, त्या हाडकुळ्या हातात इतकं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. मी भिंतीवर आदळले. ती चुलीसमोर बसली, पदर सावरला.

"लेकराला उपाशी ठिवू न्हाई," ती म्हणाली. तिनं तोंडातला चावलेला घास दोन बोटांनी काढला, लहानपणी आम्हाला भरवायची तसा, आणि चुलीच्या तोंडात हात घालून आतल्या ओल्या राखेवर ठेवला. राख मधोमध पांढरी होत गेली.